मालकांचा फर्स्ट क्लास

आमच्या मुरुमचे मालक युरोपात गेले, पण युरोप बघायची त्यांना काडीची हौस नव्हती. शेजारच्या तालुक्यातला एक जमीनदार आदल्या वर्षी जाऊन आला होता. तेव्हापासून उस्मानाबादला अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे आमच्या निजामी कलेक्टराच्या, कचेरीत त्या जमीनदाराला आधी खुर्ची मिळायला लागली. मालकांना नंतर मिळायची. त्या खुर्चीसाठी मालकांनी समुद्र ओलांडला.

लढाई सुरू व्हायच्या वर्ष-दीड वर्ष आधीची ही गोष्ट. मी मुरुमच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. लोक घोडा डॉक्टर म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण घोड्यांवरच आमचं घर चाललं होतं. अब्बा मालकांच्या पागेत चाबूकस्वार होते. शिंगराला लगाम ओळखीचा करण्यापासून ते मालकांच्या मांडीखाली ते शहाण्यासारखं चालेपर्यंत सगळं अब्बांचं काम. मी सरकारी वजिफ्यावर मद्रासला शिकलो, तिथं इंग्रजी आलं, आणि त्या इंग्रजीमुळेच मालकांची नजर माझ्यावर गेली.

ते दवाखान्यात आले तेव्हा मी एका बैलाचं खूर साफ करत होतो.

"डॉक्टर, विलायतेला चलतो का?" ते म्हणाले. "तिकीट माझं. तू निस्तं बोलायचं."

"मालक, मला रजा मिळायला हवी."

"रजेचं म्या बगतो. तुझ्या अब्बाला बी इचारलंय."

अब्बांना विचारलं म्हणजे पागेत उभं राहून सांगितलं होतं. तरी मी हो म्हणालो, आणि आनंदानं म्हणालो. मुरुमच्या घोडा डॉक्टराला युरोप बघायला दुसरा कोण नेणार होता? हातात स्वतःच्या पगारातलं थोडं शिल्लक होतं, तेही बरोबर घेतलं. अब्बा फक्त म्हणाले, "बेटा, मालकाच्या पुढं चालू नको आन् लई मागं बी राहू नको." घोड्याबरोबर कसं चालावं हे ते मला लहानपणी सांगायचे, तेच त्यांनी मालकांना लावलं.

मुंबईहून बोट निघाली. मालक सेकंड क्लासमध्ये, मी त्याच्या खाली. फर्स्ट क्लासमध्ये हैदराबादचे एक बडे जागीरदार होते. बरोबर खानसामा, दोन नोकर आणि एक मुन्शी. मालकांनी पहिल्याच दिवशी त्यांची चौकशी केली आणि मग ते जागीरदार डेकवर कधी फिरायला येतात त्यावर आपलं फिरणं बसवलं. एकदा जागीरदारांनी विचारलं, "आपका केबिन किधर है?" मालक म्हणाले, "फर्स्टमेंच था, मगर उधर धूप लई आती, इसलिए नीचे लिया." समुद्राच्या मधोमध बोटीच्या एकाच बाजूला कायमचं ऊन कसं पडतं हे जागीरदारांनी विचारलं नाही. मोठ्या माणसांत तेवढा विचार असतो.

माझी ओळख झाली ती एका स्कॉटिश मडमशी. सोलापूरला मुलींच्या शाळेत आयुष्य घालवून त्या म्हातारपणी परत घरी चालल्या होत्या. मराठी अशी बोलायच्या की डोळे मिटले तर समोर सोलापूरची एखादी करडी हेडमास्तरीण बसलीय असं वाटावं. मालकांच्या फेऱ्या बघून त्या मला म्हणाल्या, "तुमच्या मालकांना वर काय हरवलंय हो? रोज शोधायला जातात."

मी हसू दाबलं. अजून मालकांचं मीठ खात होतो.

जिनोआला उतरलो. इटलीतून स्वित्झर्लंड, तिथून पॅरिस आणि मग लंडन असा मालकांचा बेत होता. बेत म्हणजे जागीरदारांच्या मुन्शीकडून कळलेला त्यांचा मार्ग. हॉटेलातल्या माणसानं आगगाडीच्या फर्स्ट क्लासच्या भाड्याचा आकडा सांगितला आणि मालक खुर्चीत बसले. पाणी मागवलं. मग म्हणाले, "येवढ्यात तर म्या मुरुमला चार बैलजोड्या घेतो."

हा माणूस गरीब नव्हता. उमरग्याच्या रस्त्यानं जाताना डावीकडं बघितलं तरी त्यांची जमीन आणि उजवीकडं बघितलं तरी त्यांचीच. पण मालकांचा हिशेब मला त्या दिवशी कळला. त्यांना खर्च करायचा नव्हता. खर्च केला असं दिसायला हवं होतं.

"ठेशनावर जाऊन बग," ते म्हणाले. "हाटेलवाला दलाली खातोय."

दोघं स्टेशनवर गेलो. तिकिटाच्या खिडकीशी रांग होती. मालकांनी रांग बघितली, आपल्याला कोणी पुढं बोलावतंय का ते बघितलं, आणि कोणी बोलावेना तेव्हा मला उभं करून स्वतः बाकावर बसले. माझा नंबर आला तसे उठून आले.

"काय म्हनतोय त्यो?"

"तोच भाव सांगतोय, मालक. हॉटेलवाला खरं बोलला."

"अर्ध्यात देतो का इचार."

"इथं भाव ठरलेला असतो."

"आरं, भाव कुटं ठरलेला असतोय? इचार तू."

मी विचारलं नाही. खिडकीतल्या माणसाला थोडंफार इंग्रजी येत होतं, त्याला मी थर्ड क्लासचं भाडं विचारलं. त्यानं सांगितलं. तो कमी आकडा मी सांगितला तसं मालकांना वाटलं, भाव उतरला.

"आता चल," ते माझा हात ओढत म्हणाले. "उटून चाललोय असं दाव. बोलवतोय का न्हाय बग."

आणि खरोखरच ते पाठ फिरवून दाराकडं निघाले. छाती पुढं, काठी हातात, पाऊल मुद्दाम सावकाश, म्हणजे मागून हाक मारणाऱ्याला वेळ मिळावा. खिडकीतल्या माणसानं माझ्यामागच्या बाईला तिकीट दिलं, मग तिच्या मागच्या म्हाताऱ्याला. मालक दाराशी थांबले. मागं वळून बघितलं. त्या भल्या मोठ्या स्टेशनात एकाही माणसाला मुरुमचे मालक उठून गेल्याचा पत्ता नव्हता.

वाट मडमनी दाखवली. त्याही त्याच मार्गानं घरी जाणार होत्या. हॉटेलाशेजारच्या कॉफीच्या दुकानात त्यांनी मला समजावलं.

"गावागणिक तिकीट घेऊ नका," त्या म्हणाल्या. "एकच लांबचं घ्या, थेट पॅरिसपर्यंत. लांबचं तिकीट मैलामागं स्वस्त पडतं. मध्ये पाहिजे तिथं उतरा, राहा, आणि त्याच तिकिटावर पुन्हा चढा. मुदत असते तेवढी सांभाळा."

"आणि क्लास?"

"थर्ड. लाकडी बाक असतो. तुम्ही काय गादीवर जन्मलात? खिडकी तीच, डोंगर तेच, आणि पुढचा डबा पॅरिसला काही आदल्या दिवशी पोचत नाही." मग त्यांनी आणखी सांगितलं. जलद गाडीला काही ठिकाणी वर वेगळा आकार पडतो, तो चुकवायचा तर धीम्या गाडीनं जायचं. इटलीत परदेशी पाहुण्यांना भाड्यात मोठी सूट मिळते, पण त्यासाठी देशात काही दिवस मुक्काम करावा लागतो. रविवारी जाऊन येण्याचं तिकीट बऱ्याच ठिकाणी स्वस्त असतं. जेवणाच्या डब्यात जाऊ नये, स्टेशनबाहेरून पाव आणि चीज घ्यावं. इतक्या वर्षांत त्या दर सुटीला अशाच घरी गेल्या होत्या.

मी हे मालकांना सांगितलं. मुक्कामाचा भाग त्यांनी उडवून लावला, कारण जागीरदार इटलीत थांबणार नव्हते. लांबचं तिकीट मात्र पसंत पडलं. थर्ड क्लास म्हटल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं. शेजारी फक्त मडम होत्या. कोणाला मराठी येत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाले, "घे. पन ही गोष्ट मुरुमात गेली तर याद राख."

आम्ही थर्डमधून निघालो. मडम आमच्याच डब्यात, विणकाम घेऊन. मालकांसमोर त्या माझ्याशी इंग्रजीतच बोलायच्या. त्या गाड्यांना डब्यातून डब्यात जायला बाजूनं बोळ असायचा, आणि तो बोळच मालकांच्या कामाला आला. मिलान जवळ आलं तसे ते उठले. टोपी घातली, कोट झटकला, काठी घेतली.

"कुठं निघालात, मालक?"

"येतो."

गाडी थांबली. मी ट्रंक, वळकटी, त्यांचा तांब्या आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन उतरलो आणि प्लॅटफॉर्मवर बघतो तर मालक फर्स्ट क्लासच्या दारातून उतरत होते. सावकाश, पायरीवर क्षणभर थांबून. तीन-चार दारं पलीकडून जागीरदार उतरत होते. दोघांनी एकमेकांना सलाम केला. "सफर कैसा रहा?" "आरामदायक." मग जागीरदार पुढं गेले आणि मालक मागं वळून मला शोधायला लागले, कारण तांब्या माझ्याकडं होता.

मडम माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शाळेत एक मुलगी होती. दुसऱ्यांच्या टांग्यातून उतरायची. सात-आठ वर्षांची होती मात्र."

स्वित्झर्लंडातल्या लुझर्नलाही तेच. जागीरदार जितके दिवस राहिले तितके दिवस आम्ही राहिलो. तळं समोर होतं, डोंगरावर बर्फ होतं, आणि मालक खोलीत बसून मुन्शीच्या निरोपाची वाट बघायचे. मी एकदा त्यांना ओढून तळ्याकाठी नेलं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "आपल्या नळदुर्गाफुडं काय हाय हे?" नळदुर्ग मी पाहिला होता आणि मला तो आवडतो. पण त्यांनी नळदुर्गही असाच बघितला असणार, पाठमोरं होऊन.

पॅरिसच्या गाडीत घडायचं ते घडलं. पॅरिस मोठं शहर, स्टेशनवर गर्दी असणार, जागीरदार नजरेआड होतील, म्हणून मालक या खेपेला बरेच आधी उठले. बराच वेळ झाला तरी गाडी पॅरिसला पोचेना. तेवढ्यात डब्यात एक शिपाईवजा माणूस आला आणि हातानं मला चला म्हणाला. मी मागोमाग गेलो. मडमना फ्रेंच येत होतं म्हणून त्याही आल्या.

फर्स्ट क्लासच्या बोळात मालक उभे होते. समोर तिकीट तपासणारा, हातात मालकांचं थर्डचं तिकीट. तो शांतपणे बोलत होता आणि मालक मोठ्यानं मराठीत सांगत होते की आपण मुरुमचे जमीनदार आहोत. शेजारच्या दारातून जागीरदार बाहेर आले होते. त्यांच्या मागं मुन्शी, मुन्शीच्या मागं खानसामा.

"क्या बात है?" जागीरदारांनी विचारलं.

मालकांनी मला बघितलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बुडणाऱ्याला फळी दिसावी तसा.

"ये देखो जी," माझ्याकडं बोट करून ते म्हणाले, "ये मेरे पागे के नौकर का लडका. इसकू पैसे दिये फर्स्ट के, इसने थर्ड का टिकट लाया. बाकी पैसे खा गया. मैं तो भरोसे पे था."

माझ्या कानात रक्त चढलं. चोर म्हणाले याचा राग तर आलाच, पण "पागे के नौकर का लडका" हे त्यांनी असं म्हटलं, जणू चोरीचा पुरावाच तो. त्या नोकरानं या माणसाला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. दोनदा घोड्याच्या टापांखालून ओढून काढलं होतं.

जागीरदारांनी माझ्याकडं बघितलं. "क्यों मियां?"

मी तोंड उघडायच्या आत मडमनी तिकीट तपासणाऱ्याला फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं आणि मग स्वच्छ मराठीत मालकांना म्हणाल्या, "मालक, तिकीट काढताना मी तिथं होते. तुम्हीच सांगितलंत. आता याला दंड भरा, मी त्याला सांगितलंय की तुम्ही श्रीमंत आहात."

मालकांना मडमचं मराठी माहीत नव्हतं. प्रवासभर ते त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल, माझ्याबद्दल, जागीरदारांबद्दल वाटेल ते बोलले होते. ते सगळं त्यांना एका क्षणात आठवलं असावं. जागीरदारांना मराठी समजत होतं की नाही कोण जाणे, पण ते मिशीतल्या मिशीत हसले आणि आत गेले. मालकांनी दंड भरला, फरकही भरला. आता तिकीट फर्स्टचं होतं, म्हणून ते फर्स्टच्या गादीवर जाऊन बसले आणि पॅरिसपर्यंत एकटेच बसून राहिले. त्यांच्या सगळ्या प्रवासातला खरा फर्स्ट क्लास तेवढाच.

पॅरिसला मी त्यांचं सामान उतरवलं. ट्रंक, वळकटी, तांब्या, डबा, सगळं त्यांच्या पायाशी मांडलं.

"मालक, इथून पुढं तुमचं तुम्ही बघा."

"म्हंजी? आन् बोलंल कोन?"

"मुन्शीला विचारा."

"तुझ्या अब्बाचा इचार कर," ते म्हणाले.

"करतोच आहे," मी म्हणालो आणि निघालो. परतीचं बोटीचं तिकीट माझ्या खिशात होतं, ते त्यांनी मुंबईतच काढलं होतं. बाकी जवळ होतं ते माझ्या पगारातलं.

मडम त्याच संध्याकाळी पुढं गेल्या. जाताना त्यांनी मला एक वाक्य फ्रेंचमध्ये पाठ करून घेतलं: सगळ्यात स्वस्त गाडी कोणती? त्या वाक्यावर मी बोटीच्या दिवसापर्यंत युरोप फिरलो.

आता स्वतःच्या खिशातून जायचं होतं, तेव्हा मडमचं एकेक वाक्य आठवून वापरलं. पॅरिसहून परत जिनोआपर्यंत एकच लांबचं तिकीट घेतलं, लिऑन आणि जिनिव्हावरून जाणारं. जलद गाड्या सोडून दिल्या. धीमी गाडी प्रत्येक खेड्यात थांबायची. बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन चढायच्या, कोंबड्या असायच्या. भूमच्या आठवडी बाजाराला निघालेल्या बैलगाडीत बसल्यासारखं वाटायचं, फक्त बाक लाकडी आणि सरळ पाठीचा. एका शेतकऱ्यानं मी घोड्यांचा डॉक्टर आहे हे खुणांनी कळल्यावर मला मध्येच उतरवून घरी नेलं. त्याची घोडी लंगडत होती. खुरात खोलवर खडा होता. मी काढला. त्यांनी मला जेवू घातलं, झोपायला गवताच्या माळ्यावर जागा दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर मी पुढं गेलो. लिऑनला जनावरांच्या डॉक्टरांची फार जुनी शाळा आहे, ती बाहेरून बघितली, मग धीर करून आत गेलो. एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं घोड्याच्या पायाचे नमुने दाखवले. भाषा नव्हती, पण हाडांची नावं लॅटिन, ती दोघांना येत होती.

इटलीत शिरल्यावर मुक्कामाची अट पुरी होईल इतके दिवस हातात होते. मग ती परदेशी पाहुण्यांची सूटही घेतली आणि जिनोआला थेट न जाता आणखी दोन शहरं बघून आलो. कपड्यांना चीजचा वास यायला लागला होता. मी इतका खुश आयुष्यात फार थोड्या वेळा होतो.

बोटीवर मालक भेटणार हे माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते खाली माझ्याकडं आले. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"डॉक्टर," ते जवळ बसत म्हणाले, "काय काय बगितलंस?"

हळूहळू कळलं. पॅरिसला मुन्शीनं त्यांना एका महागड्या हॉटेलात नेऊन सोडलं होतं आणि जागीरदार लंडनला निघून गेले होते. भाषा नाही, बाहेर पडायची हिंमत नाही. मालक सगळे दिवस त्या हॉटेलात बसून होते. खिडकीतून एक रस्ता दिसायचा. मग हॉटेलवाल्यानंच त्यांना जिनोआच्या गाडीत बसवून दिलं. मुरुमात हार घेऊन लोक उभे राहणार होते आणि मालकांकडं सांगायला एक रस्ता होता.

"पागे के नौकर का लडका काय सांगणार, मालक?"

"ते सोड. गाडीतलं बोलनं ते. तू सांग." मग आवाज खाली आणून म्हणाले, "काय पायजे तुला?"

मी विचार करायला थोडा वेळ घेतला, तेवढा त्यांना घाम फुटू दिला. अब्बांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. दोन वर्षं ते पागेतून सुटका मागत होते आणि मालक सोडत नव्हते, कारण तसा माणूस दुसरा मिळत नव्हता. आणि पागेत एक अबलख, म्हणजे पांढऱ्या-काळ्या डागांची, घोडी होती, अब्बांच्या हातात जन्मलेली. म्हातारी झाली म्हणून मालक तिला विकायला निघाले होते.

"अब्बांना मोकळं करा," मी म्हणालो. "आणि अबलख घोडी त्यांना द्या."

"घोडी?" सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "अर्ध्यात देतो."

मी उठून चालायला लागलो. आणि या खेपेला हाक आली.

मग बोट मुंबईला लागेपर्यंत रोज मालक खाली यायचे आणि मी त्यांना माझा प्रवास सांगायचो. खरा सांगायचो. खोटं सांगून त्यांना तोंडावर पाडावं असं एकदा मनात आलं होतं, पण ज्या गावांनी मला जेवू घातलं त्यांच्याबद्दल खोटं बोलवेना. मालक लक्ष देऊन ऐकायचे. शहरांची नावं दहा-दहादा म्हणायचे. शाळेत एवढं केलं असतं तर बोलायला मला न्यावं लागलं नसतं.

मुरुमात सत्कार झाला. मांडव, हार, सनईवाले, उस्मानाबादहून आलेले दोन वकील. अब्बा आणि मी मागच्या बाजूला बसलो. मालक बोलायला उभे राहिले आणि माझा प्रवास सुरू झाला. लिऑनची शाळा, जिनिव्हाचं तळं, शेतकऱ्याचं घर. फक्त लाकडी बाकाच्या जागी लाल मखमलीची गादी आली, धीमी गाडी पळायला लागली, आणि घोडीच्या खुरातला खडा मालकांनी स्वतःच्या हातानं काढला. टाळ्या पडल्या.

अब्बा माझ्या कानाशी वाकले. "ह्येनं खूर कवा उचललं?"

"बोटीवर, अब्बा."

अब्बांना हसू आवरेना. तोंडावर उपरणं धरून ते मांडवाबाहेर गेले. बाहेर अबलख घोडी बांधली होती, तिच्यावर बसून ते घरी आले. गुडघे दुखत होते तरी त्या दिवशी त्यांनी तिला गावातून एक फेरी मारली. पुढं ती घोडी आमच्या दारात चार-पाच वर्षं जगली.

मग लढाई लागली, युरोपची वाट बंद झाली, आणि मालकांचं सोनं झालं. कोणी जाईना, कोणी येईना. जाऊन खात्री करणारा कोणी राहिला नाही. लढाईच्या सगळ्या वर्षांत ते जिल्हाभर युरोपवर बोलत फिरले. अव्वल तालुकदाराच्या कचेरीत त्यांना आधी खुर्ची मिळायला लागली. ईट गावाला, भूमला, कुठं कुठं बोलावणी यायची. शिकलेले लोक, वकील, शाळांचे हेडमास्तर मान डोलवत बसायचे. युरोपातल्या गाड्यांबद्दल एकानंही एक नीट प्रश्न विचारला नाही. कोणतं तिकीट? किती दिवसांची मुदत? गाडी कुठं बदलावी लागते? तेवढ्यावर मालक आडवे झाले असते. पण ज्याला जायचंच नाही त्याला गाडीची काय चौकशी? त्यांना मखमल ऐकायची होती.

लढाई संपल्यावर भूमच्या एका वकिलाचा मुलगा शिकायला विलायतेला निघाला. घरची परिस्थिती बेताची, वजिफा मिळालेला. तो आधी मालकांकडं गेला. मालकांनी त्याला सांगितलं, "फर्स्टशिवाय बसू नगंस. आपल्या जिल्ह्याची अब्रू हाय." पोरगं घाबरून माझ्याकडं आलं, कारण मीही बरोबर गेलो होतो हे त्याच्या वडिलांना माहीत होतं. मी त्याला मडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. लांबचं तिकीट, मधले मुक्काम, धीम्या गाड्या, रविवारची सवलत. "हे लढाईआधीचं आहे," मी म्हणालो, "आता कितपत राहिलंय ते तिथं विचार. पण विचार मात्र. लाजू नको."

तो वर्षभरानं परत आला आणि दवाखान्यात भेटायला आला. लंडनहून सुटीत फ्रान्स आणि इटली थर्डमधून हिंडला होता. काही सवलती गेल्या होत्या, लांबच्या तिकिटाची सोय तशीच होती. पूल पडलेले होते, गाड्या वळसे घेत जायच्या, डब्यात उभं राहायला जागा नसायची. तरी फिरला होता.

"मालकांना भेटलास?" मी विचारलं.

"भेटलो. त्यांनी इचारलं, म्या सांगितलेलं कामाला आलं का न्हाय? म्हनलं, लई आलं."

"थर्डचं सांगितलं नाहीस?"

"तोंडावर कसं सांगायचं, डॉक्टर? मोठी मानसं. वडलांचं बी काम असतंय त्यांच्याकडं."

मी त्याला रागावणार होतो. पण मांडवात मागं बसून मीही टाळ्या ऐकल्या होत्याच.

"मग बाकी काय काय बोललात?"

"लई इचारलं त्यांनी. पूल कुटं कुटं पडले, गाडी कशी वळती, सगळं. दोनदा सांगाय लावलं."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढच्या महिन्यात मुरुमच्या शाळेत मालकांचं भाषण होतं. हेडमास्तरांचा आग्रह म्हणून मी गेलो. मालक उभे राहिले, काठी टेकली, आणि सांगायला लागले की परवाच्या आपल्या दुसऱ्या सफरीत त्यांनी लढाईत पडलेले पूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पहिली रांग वकिलांची आणि अंमलदारांची. मागल्या आठवड्यात त्यातल्या निम्म्यांनी मालकांना मुरुमच्या बाजारात पाहिलं होतं. मान सगळ्यांनी डोलावली.

भाषण संपेपर्यंत मी थांबलो नाही. दवाखान्यात एकाची म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. मी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि बाह्या वर सारल्या.